पाणी कोणी घातलं

चिकटलेली पानं सोडवायची तर हाताला घाई असून चालत नाही, हे गफूरला पंचावन्न वर्षांच्या धंद्यानं शिकवलं होतं. तरी त्या गुरुवारी सकाळी, आदल्या दिवसापासून ओल्या टिपकागदाखाली मऊ होत पडलेलं एक पान त्यानं पट्टीनं उचललं आणि त्याचा हात मध्येच असा थिजला, की समोरच्या गाळ्यातला चहावाला ओरडला, "काय चाचा, साप निघाला का आत?" एरवी गफूरनं साप काढलाच असता. नुसता नाही, मिशीवाला काढला असता, आणि तो कुठल्या सालापासून वहीत राहतो, काय खातो, हेही सांगितलं असतं. त्या दिवशी तो "काही नाही रे" एवढंच म्हणाला, आणि चहावाल्याला खरी काळजी वाटली ती तेव्हा. पानावर गफूरच्या आईचं नाव होतं. 'जैबुन्निसा, सुईण, कागद्यांची आळी.' शाई मूळची काळी, आता चहाच्या रंगाची. आईचं नाव लिहिलेलं असं त्यानं आयुष्यात दोनच ठिकाणी पाहिलं होतं, रेशनकार्डावर आणि कबरीच्या दगडावर, आणि दोन्हीकडे ते बापाच्या नावाखाली बारक्या अक्षरांत अंग चोरून बसलेलं होतं. इथं ती एकटी होती. अख्खा रकाना तिचा. आणि वही कसली, तर चर्चची, बाप्तिस्म्यांची.

गफूर हा जुन्नरातला शेवटचा बाइंडर, असं तो स्वतः सांगायचा, त्यामुळे कुणी ते धरून चालत नसे. घराणं कागद्यांचं. पणजोबापर्यंत हातानं कागद व्हायचा. तो धंदा बुडाला तेव्हा आजोबानं ठरवलं की आपला करता येत नाही तर दुसऱ्याचा तरी शिवू. कोर्टाच्या वह्या, शाळांचे दाखल्यांचे गठ्ठे, सोसायट्यांची दप्तरं, सगळं या गाळ्यातल्या शिकंज्याखालून गेलं. आणि धंद्याच्या जोडीला गफूरची जीभ. त्याच्या गाळ्यात एकदा बिबट्या शिरला, मोरचूद घातलेली खळ पातेलंभर चाटली आणि निळी जीभ लोंबवत लेण्याद्रीच्या बाजूला निघून गेला, ही हकीकत त्यानं इतक्यांदा आणि इतक्या बारकाईनं सांगितली होती, की वनखात्यात नव्यानं आलेल्या एका माणसानं ती रीतसर लिहून घेतली होती. जुन्नरात 'गफूर सांगत होता' याचा अर्थ एवढाच, की ऐकायला बरं आहे. गफूरला त्याचं कधी वाईट वाटलं नव्हतं. खरं बोलणारे गावात पुष्कळ होते आणि त्यांच्याकडे कुणी बसायला जात नव्हतं.

वह्या आणल्या होत्या नव्या फादरनी. फादर वसईकडचे, वयानं लहान, तीन वह्या पोत्यात घालून मोटारसायकलवरून घेऊन आले. "चाचा, बिशप हाउसला प्रत्येक पानाचा फोटो हवाय. पण छप्पन्न सालची पानं छताच्या गळतीनं एकजीव झालीत. ती सोडवा, मग नव्यानं शिवा. आणि सुटलीच, तर त्यात भागू नावाच्या बाईची मुलगी कुठं दिसते का, तेवढं बघा." ती मुलगी दुसऱ्या दिवशी स्वतःच गाळ्याच्या पायरीवर येऊन बसली. मुलगी कसली, अडुसष्ट वर्षांची गोजरबाई. डिंभ्याच्या धरणापलीकडच्या एका वाडीतून दोन एसट्या बदलून आलेली, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, हातात नायलॉनची पिशवी.

"भाऊ, सुटतील का पानं?"

"बाई, आळे गावच्या एका देशमुखाची पोथी विहिरीत पडली होती. सात वर्षांनी काढली. मी तिची पानं अशी सोडवली, की त्यात एक मासा—"

"मला मासा नगं. पान पायजे."

असं तोंडावर त्याला बायकोनंतर कुणी बोललं नव्हतं. मग तिनंच सांगितलं, भाताच्या खाचरात चिखल तुडवत एकेक पाऊल टाकावं तसं. तिची आई भागू मिशनच्या दवाखान्यात झाडलोट करायची, तिथंच ख्रिस्ती झाली. बाप कुशाबा झाला नाही. आई बाळंतपणात गेली, तिला चर्चच्या मागं मातीत ठेवलं, आणि बापानं एका दिवसाची पोर धोतरात गुंडाळून डोंगरात आपल्या बहिणीकडे नेऊन टाकली. पुढचं सगळं तिकडचंच. भात, नाचणी, नवरा, दोन पोरं, देव्हाऱ्यात खंडोबा. आता मंचरच्या डॉक्टरनं सांगितलं की काळीज मोठं झालंय. "मी म्हनलं, आधीच लई मोठं व्हतं," ती म्हणाली, आणि हसली नाही. तिला आईच्या शेजारी जागा हवी होती. मागच्या आवारात अकरा कबरींपुरतीच जमीन उरली होती आणि चर्चच्या समितीचा नियम असा, की जागा मिळेल ती बाप्तिस्मा झालेल्यालाच. समितीचे अध्यक्ष दादाभाऊ म्हणाले होते, मग आता घेऊन टाका, अर्ध्या तासाचं काम आहे. "म्या म्हनलं, दादा, या वयात देव बदलू व्हय? माझा खंडोबा सुनंच्या हातात देऊन? मी धरम मागाया न्हाई आले. आत्या सांगायची, तू जलमली तवा निळी पडलेलीस, सुइनीनं त्यांच्यातलं पानी घातलं तुझ्यावर. घातलंय तर वहीत आसंल. न्हाई तर न्हाई, मी जाते." पोरांना तिनं सांगून ठेवलं होतं. पोरं राजी होती. अडलं होतं ते एका ओल्या पानावर.

म्हणून गफूर वही वाचत होता. एरवी बांधायला आलेलं तो वाचत नसे. हलवायानं मिठाई खावी तसला तो प्रकार. वरचे छापील मथळे परक्या लिपीत होते, पण जुन्या काळच्या कुणा मिशनच्या मास्तरानं त्यांच्यावर शिसपेन्सिलीनं मराठी घातलं होतं. जन्म. बाप्तिस्मा. नाव. आईबाप. बापाचा धंदा. धर्मपिता, धर्ममाता. पाणी कोणी घातलं. उरलेले विधी. शेवटी रुंद समास. पानं सुटत गेली तशी त्याला त्या रकान्यांची चाल कळत गेली. जन्म आणि बाप्तिस्मा यांत आठवडाभराचं अंतर असलं तर घर मिशनच्या जवळचं. चाळीस दिवस असले तर ओढ्यापलीकडचं, आणि महिना आषाढ-श्रावणातला. धर्मपिता म्हणून निम्म्या लेकरांना एकच माणूस, मिशनचा स्वयंपाकी, कारण तो घरीच असायचा; त्याला जुन्नर तालुक्यात साठ लेकरं होती आणि स्वतःचं एकही नव्हतं. समासात वीस-बावीस वर्षांनी दुसऱ्याच अक्षरात लग्नाची तारीख येऊन बसायची, म्हणजे लहानपणीच्या नावाला म्हातारपणापर्यंत शेजारी जागा राखून ठेवलेली. कुठं तारखेऐवजी नुसता क्रूस, बाप्तिस्म्याच्या दुसऱ्याच दिवसाचा. आणि पाण्याच्या रकान्यात सगळीकडे फादरची गिचमीड सही. फक्त जिथं जन्म आणि बाप्तिस्मा एकाच तारखेला, तिथं सही नाही. धर्मपित्याची जागा कोरी, 'जीव धोक्यात' असे दोन शब्द, आणि पाणी घालणाऱ्या रकान्यात जैबुन्निसा, सुईण, कागद्यांची आळी.

छप्पन्नच्या मार्चमध्ये गोजरबाई सापडली. 'मारिया, घरचं नाव गोजर. आई भागू, दवाखान्यात. बाप कुशाबा, ख्रिस्ती नाही, राजुरीस कामावर. जन्म मिशनच्या मागील खोलीत. जीव धोक्यात.' पाणी गफूरच्या आईनं घातलेलं. उरलेले विधी, कोरं. समास, कोरा. अडुसष्ट वर्षं कोरा.

पहिल्यांदा त्याला हसू आलं, कारण त्याला आई दिसली. परसातल्या दगडावर बसून कोपरापर्यंत हात घासणारी, शेजारी तिचा तांब्या आणि कातरीची पुरचुंडी. बाळंतपण करून आली की ती आधी हात धुवायची, मग पाणी प्यायची, मग बोलायची, आणि हा क्रम कुणासाठीही मोडायची नाही. गफूर तेव्हा आठ-नऊ वर्षांचा, ओट्यावर. दादी आतून ओरडायची, तिचा आवाज मशिदीपर्यंत जायचा. "क्यों गे, फिर उनका पानी डाल के आई? और मुँह से क्या बोली?" आई हात घासता घासता म्हणायची, "मैं काहे को बोलूँ, अम्मा? पानी मैं डालतूँ. बोलने का उनके घर का बोलता." आणि मग दादी शांत व्हायची, आईही, आणि घरात जेवण वाढलं जायचं. एकदा तिनं नीट समजावूनही सांगितलं होतं, गफूरला की दादीला, हे त्याला आता आठवत नव्हतं. तेव्हाच्या दाढीवाल्या फादरनं गावातल्या चारही सुइणींना ओळीनं बसवून बाप्तिस्म्याचे शब्द शिकवले होते, हिंदू-मुसलमान न बघता, कारण स्वतः तो महिन्यातून दोन आठवडे घोड्यावर असायचा आणि लेकरू मरायला तेवढा वेळ थांबत नसे. आई मान डोलावून आली. पण तिचं म्हणणं असं, की पाणी हे पाणी आहे, ते मरणाऱ्याच्या तोंडात कुणीही घालावं; बोल मात्र ज्याचा त्यानं बोलावा. मी विश्वास नसताना बोलले तर माझ्या अल्लाशी खोटी आणि त्यांच्या देवाशीही खोटी. म्हणून ती पाणी सोडायची आणि घरच्या एखाद्या मोठ्या माणसाला म्हणायची, तुम्ही म्हणा. आजी, चुलता, कुणीही. तिच्या हातून धार आणि त्यांच्या तोंडून शब्द, एकाच वेळी. गफूरला हे फार सुरेख वाटलं होतं. तेव्हाही, आणि आता गुरुवारी सकाळी गाळ्यात बसून आठवतानाही. मोजली तर तीन वह्यांत मिळून ती चौदा ठिकाणी होती. चहावाल्याला सांगायला याच्यापेक्षा चांगलं काय असणार. पण वही कापडात गुंडाळून तो आधी फादरकडे गेला.

फादर इतके खूश झाले की त्यांनी स्वतः चहा केला आणि तो बिघडवला. "चाचा, म्हणजे तुमच्या आईंनी! बघा, आमच्या चर्चचं हे किती मोठं मन आहे. जीव धोक्यात असेल तर बाप्तिस्मा कुणीही देऊ शकतं. मुसलमान, हिंदू, देव न मानणारा, कुणीही. नंतर तेल, पांढरं वस्त्र, मेणबत्ती, हे उरलेले विधी चर्चमध्ये होतात. नाही झाले तरी बिघडत नाही. पाणी पुन्हा घालायचं नसतं. एकदा झालं ते झालं." गफूर बिस्किट बुडवत ऐकत होता. "अट काय, साधी. पाणी हवं, ते शब्द हवेत, आणि मनात हवं की चर्च जे करतं ते मला करायचंय. आणि हो, पाणी घालणाऱ्यानंच शब्द म्हणायचे. पाणी एकानं घातलं आणि शब्द दुसऱ्यानंच म्हटले, तर नाही चालत. मग तो बाप्तिस्मा नाही, नुसतं ओलं होणं." बिस्किट तुटून चहात पडलं. फादरनी चमचा दिला. "आईंनी म्हटले असतीलच की शब्द. रविवारी मिस्साच्या प्रार्थनेनंतर समिती बसेल. दादाभाऊ हेच विचारतील. सुईण मुसलमान, म्हणजे विचारणारच. तुम्ही या. तुम्ही तिचा मुलगा, तुमचा शब्द चालेल."

"माझा?" गफूर म्हणाला. "जुन्नरात?"

फादर हसले. ते दोनच वर्षांपूर्वी आलेले, त्यांना तो विनय वाटला.

तिथून गाळ्यापर्यंतची वाट दहा मिनिटांची. गफूरला ती संपेचना. भाजीवाल्यांच्या छत्र्या, एका मोबाइलच्या दुकानापुढं नाचणारा फुग्याचा माणूस, शिवनेरीच्या उतारावरून येणारी शाळेची सहल, सगळं जागच्या जागी होतं, पण त्याच्या अंगाला लागत नव्हतं. डोक्यात एकच गोष्ट खळीसारखी घट्ट होत चालली होती, की हे आता फक्त आपल्याला माहीत आहे. दादी गेली, आई गेली, तो दाढीवाला फादर त्याच्या देशात कुठंतरी मातीत गेला. चौदा घरांतल्या म्हाताऱ्या गेल्या. राहिला कोण, तर ज्याच्या बोलण्यावर गावात कुत्रं भुंकत नाही तो. शुक्रवारी नमाजाला उभा राहिला तरी तेच. 'म्हणाली' म्हणावं तर एका शब्दाचं काम. पण ते कुणाच्या तोंडात घालायचं? जी बाई जन्मभर, रक्तानं हात भरलेले असताना, पोर निळं पडत असताना, तेवढं एक जपत आली, तिच्या कबरीत हात घालून तिच्या तोंडून ते वदवायचं. बिबट्याची जीभ निळी केली म्हणून बिबट्याचं काही बिघडलं नव्हतं. आणि 'नाही म्हणाली' म्हणावं तर गोजरबाई दोन एसट्या बदलून डिंभ्यापलीकडे परत, पिशवीत काही नाही. तिनं खोटं काही मागितलंच नव्हतं, हा खरा घोळ होता. असेल तर असेल, नाही तर मी जाते. अशा माणसाला काय सांगायचं. मग एक वेगळाच किडा डोक्यात शिरला. आईनं फादरपुढं मान डोलावली होती. मी असं करते, हे तिनं त्याला कधीच सांगितलं नाही, आणि तो बिचारा विश्वासानं चौदा वेळा तिचं नाव लिहीत गेला. म्हणजे आईही थोडी... गफूरनं तो विचार मिटवला, पण पूर्ण मिटेना. बापाकडून आपल्याला नाक आलं हे सगळे म्हणायचे. जीभ कुणाकडून आली हे कुणी विचारलं नव्हतं.

"अब्बा, दो दिन से एक किस्सा नहीं," सून आरफा ताट ठेवत म्हणाली. "तबीयत तो ठीक है?"

"ठीक है."

"दाँत दुखता?"

"नहीं गे, बाई."

"फिर किसी ने सच्ची बात बोल दी होएगी," ती म्हणाली, आणि गफूरनं तिच्याकडे असं पाहिलं की ती लोणचं आणायला आत गेली.

शनिवारी त्यानं शिवायला घेतलं. सोडवलेली पानं सुकली होती, त्यांची जुजं, म्हणजे शिवायच्या घड्या, लावून एकेक जुज सुईनं टोचत तो सगळ्यांत जुन्या वहीपाशी आला. गुरुवारी मोजताना त्यानं फक्त आईचं नाव पाहिलं होतं; शिवताना अख्खं पान नजरेखालून जातंच. अडतीस सालात, आईच्या पहिल्याच नोंदीत, सुई थांबली. मुलगा, घरचं नाव संपत. आजा-बापाची नावं, गाव, बापाचा धंदा तांबटाच्या दुकानी. जीव धोक्यात. पाणी जैबुन्निसा, सुईण. पुढं विधी झाल्याची तारीख, समासात लग्न, लग्नाखाली मुलं किती त्याचा आकडासुद्धा कुणी हौसेनं घातलेला. संपत म्हणजे दादाभाऊंचे वडील. मागच्या आवारात शिरल्याबरोबर जी पांढऱ्या संगमरवराची कबर दिसते, जिच्याभोवती साखळी आहे आणि साखळीला दर नाताळाला रंग लागतो, ती त्यांची. गफूर मोठ्यानं हसला. चहावाल्यानं मान वर केली आणि त्याचा जीव भांड्यात पडला. पण हसू अर्ध्यावरच गार झालं. चौदातली जगली किती, तर समासावरून दिसत होतं, गोजरबाई सोडून पाच. पाचांची लग्नं, लेकरं, नातवंडं. रविवारी पहिल्या चार बाकांवर बसणारी निम्मी माणसं त्या पाचांमधून आलेली. त्यांचं सगळं कायदेशीर, व्यवस्थित, साखळी लावलेलं. आणि बुडाशी एक मुसलमान बाई, जी तेवढ्यापुरती तोंड मिटून बसली होती. आयुष्यभर गफूरनं गोष्टी फुगवल्या होत्या, कारण गावात फुगवण्यासारखं मोठं काही घडतच नव्हतं. आणि हे एक घडलेलं होतं, मुळातच एवढं मोठं, पुराव्यासकट, आणि ते कुणाला सांगायचं नव्हतं. त्यानं सुई ओढली, गाठ मारली. टाका थोडा वाकडा गेला. तो त्यानं तसाच राहू दिला नाही. उसवून पुन्हा घातला.

रविवारी समिती चर्चच्या व्हरांड्यात बसली, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर, पाच माणसं आणि फादर. दादाभाऊ मधोमध. ते एसटीत कंट्रोलर होते आणि निवृत्त होऊनही त्यांचा आवाज फलाटावरून आल्यासारखा यायचा. गोजरबाई खांबाला टेकून खाली बसली होती, खुर्ची दिली तर म्हणाली, "मला हितंच ग्वाड वाटतं." नव्या कापडात बांधलेल्या तीन वह्या टेबलावर होत्या. फादरनी छप्पन्नची नोंद वाचून दाखवली. नियम वाचून दाखवला. एका सभासदानं विचारलं की कुंकू लावणाऱ्या बाईला पुरायचं कसं, त्यावर फादर म्हणाले की पडलेलं पाणी पुसता येत नाही, कुंकू लावलं तरी. मग दादाभाऊंनी चष्मा काढला.

"बाईंबद्दल आमचं काही नाही. पण नियम म्हणजे नियम, उद्या कुणीही येईल. सुईण आपल्यातली नाही. तिनं नुसतं पाणी घातलं, की शब्दही म्हटले, हे कळायला पाहिजे. गफूरभाई, तुम्ही सांगा. आणि हे बघा, बिबट्या नको, मासा नको. हो की नाही, तेवढंच."

सगळे हसले. गफूरही सवयीनं हसणार होता, पण ओठ हलले नाहीत. त्याचं लक्ष गोजरबाईकडे गेलं. ती त्याच्याकडे बघत नव्हती. पिशवीच्या बंदाला पडलेली गाठ सोडवत होती, शांतपणे, जणू निकाल दुसऱ्याच कुणाचा होता. रात्रंदिवस घोळवलेले 'हो' आणि 'नाही' दोन्ही त्याच्या घशापर्यंत आले आणि दोन्ही परत गेले. मग त्याच्या तोंडून जे बाहेर पडलं ते त्यानं ठरवलेलं नव्हतं.

"दादाभाऊ, तुमच्या वडलांच्या वेळेला जसं झालं, तसंच हिच्या वेळेला झालं. काडीचाही फरक नाही."

"माझ्या वडलांचा इथं काय संबंध?"

"जुनी वही. अडतीस साल. फादर, खूण घातलीय मी."

फादरनी वही उघडली. वाचता वाचता त्यांचा आवाज बारीक झाला. संपत. जीव धोक्यात. जैबुन्निसा, सुईण. दादाभाऊंनी वही आपल्याकडे ओढून घेतली, चष्मा घातला, बापाच्या नावाखाली बोट ठेवलं आणि बराच वेळ ठेवलं. "हे मला घरात कुणी बोललं नव्हतं," ते म्हणाले, आणि तो आवाज फलाटावरचा नव्हता. "धोक्यात होते म्हणे. एवढा आडदांड माणूस." मग त्यांनी गफूरकडे पाहिलं. त्या बघण्यात शंका होती का आभार, का दोन्ही, हे गफूरला शेवटपर्यंत कळलं नाही. तीस-पस्तीस वर्षं फलाटावर माणसं पाहिलेला तो गृहस्थ. पुढचा प्रश्न त्याला सुचला नसेल असं नाही. तो त्यानं विचारला नाही. "म्हणजे झालेलाच आहे," दादाभाऊ म्हणाले. "लिहा फादर. भागूबाईंच्या डाव्या हाताची जागा. पुढचा विषय, पाण्याची मोटर."

गफूर फाटकापर्यंत आला तेव्हा त्याचे पाय हलके नव्हते. एक अक्षर खोटं बोललो नाही, हे तो मनाशी तपासून बघत होता, शिवण तपासावी तसं, आणि शिवण धरत होती. तरी आत काहीतरी सैल वाटत होतं. मागून चपला वाजल्या. गोजरबाई.

"भाऊ, थांबा जरा. त्या दादाला तुमी फिरवून सांगितलं."

"मी?"

"मी आडानी हाय, येडी न्हाई. त्यांनी येक इचारलं, तुमी भलतंच सांगितलं. मला सरळ सांगा. जागा गेली तर जाऊ द्या."

आणि गफूरनं सांगितलं. फाटकाचा गज धरून, काहीही न लावता, न वाढवता. आई पाणी घालायची, शब्द म्हणायची नाही. शब्द घरच्या माणसानं म्हणायचे, असं तिचं होतं. चौदाच्या चौदा वेळा. फादरच्या नियमात ते बसत नाही. "म्हणजे तुमच्या वेळेलाही माझ्या आईनं म्हटले नाहीत, बाई. हे मी तुम्हाला सांगतोय, त्यांना नाही सांगितलं. आता तुम्ही म्हणाल तसं."

रस्त्यानं टोमॅटोची एक पिकअप गेली, तिच्या मागं धूळ. गोजरबाईच्या चेहऱ्यावर वाईट वाटल्याचं काही दिसेना. हिशेब न जुळणाऱ्या माणसासारखी ती कुठंतरी लांब बघत होती.

"घरचं मानूस म्हनायचं," ती म्हणाली. "येकांदं तरी म्हनायचंच?"

"त्याशिवाय आई पाणी सोडायची नाही."

"माझा बाप तवा राजुरीला व्हता. वहीत बी तसंच हाय, फादरनं वाचलं. आत्या डोंगरात. आत्या सांगायची, त्या खोलीत तुमची आई आन माझी आई, तिसरं कुनीच न्हाई."

"नाही."

"मंग शब्द कोन बोललं?"

तीन दिवस गफूर एकाच बाईचं तोंड बंद होतं की उघडं, यातच अडकला होता. त्या खोलीत दुसरी बाई होती, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"आत्या म्हनायची, तुझ्या आईनं तुला बघितलं बी न्हाई," गोजरबाई म्हणाली. "म्हनायची, तू भाईर आली आन ती गेली, तशीच, डोळं झाकून. आडुसष्ट वरसं मी त्येच धरून बसले. म्हंजी न्हाई तसं. जित्ती व्हती. माझ्यावर पानी पडत व्हतं तवा ती जित्ती व्हती, आन बोलत व्हती. माझ्याशीच बोलत व्हती." तिनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "काय वं ते शब्द? कसे हायेत?"

गफूरला ते आता पाठ होते. फादरनी त्या दिवशी चहावर म्हणून दाखवले होते, आणि तेव्हापासून इतक्यांदा डोक्यातून गेले होते, की झोपेतही म्हटले असते.

"ते फादरना विचारा," तो म्हणाला. "बोल ज्याचा त्यानं बोलावा."

"त्यांना येळ आसंल?"

"मोटरचा विषय चाललाय. असेल."

"यष्टी जाईल माझी."

"जाऊ द्या. चारला दुसरी आहे."

तिनं पिशवी त्याच्या हातात दिली आणि ती परत फाटकातून आत गेली, व्हरांड्याच्या पायऱ्या चढून, गुडघ्यावर हात टेकत. गफूर पिशवी घेऊन उभा राहिला. आतून दादाभाऊंचा आवाज थांबला. मग फादरचा आला, सावकाश, एकेक तुकडा तोडून, शाळेत शिकवतात तसा. आणि प्रत्येक तुकड्यामागं एक जाड, डोंगरातला, अडखळता आवाज. शब्द उन्हातून स्वच्छ ऐकू येत होते. गफूर पिशवी काखेत धरून फाटकापासून दहा-बारा पावलं लांब, जिथं ते ऐकू येत नव्हते तिथवर गेला, आणि तिची वाट बघत थांबला.